तोटा झाला म्हणता, मग हिशेब दाखवा की

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या खेळाच्या पानावर हल्ली अधूनमधून एक बातमी असतेच, अमुक टीम विकली, तमुक अब्ज डॉलर आले, आजवरच्या सगळ्या किमती मागे पडल्या. ती वाचली की मला कोरोनाचं २०२० आठवतं. तेव्हा याच लीग आणि हेच मालक आम्ही बुडालो, आता काही खरं नाही असं सांगत होते, आणि तेच कारण पुढे करून किती जणांना घरी बसवलं गेलं. त्यावर लिहीन लिहीन म्हणता म्हणता एवढे दिवस गेले, आज बसलोय तर सगळंच लिहून टाकतो, पत्र लांबेल, सांभाळून घ्या.

आधी घरातलं सांगतो म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल. माझा मेहुणा लाइव्ह मॅचच्या प्रॉडक्शन क्रूमध्ये काम करतो. कॅमेरामन नाही, कॅमेरामनच्या मागे केबल सांभाळत पळतो तो. कॅमेरा साइडलाइनने पुढे गेला की याने केबल सोडायची, मागे आला की पटापट गुंडाळून घ्यायची, कुणाच्या पायात अडकता कामा नये, ताण येता कामा नये, आणि स्वतः कधी फ्रेममध्ये दिसायचं नाही. मॅच असेल त्या दिवसाचे पैसे, मॅच नाही तर काहीच नाही. मार्च २०२० मध्ये त्याला कॉन्ट्रॅक्टरचा मेसेज आला, "सध्या होल्डवर आहे, पुढचं कळवतो." पुढचं कळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत कुणी त्याला जेवलास का म्हणूनही विचारलं नाही, कारण तो कुणाचा नोकरच नव्हता, ना लीगचा, ना टीमचा, ना चॅनलचा. काम सुरू झालं तेव्हा दिवसाचा रेट कमी करून सांगितला आणि कारण काय तर इंडस्ट्रीला तोटा झालाय. तेव्हापासून "तोटा" हा शब्द दिसला की मी विचारतो, कुणाला झाला, किती झाला, कुठल्या वहीत लिहिलाय.

सुरुवात कशी झाली ते बहुतेकांना आठवत असेल. ११ मार्च २०२०, अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये एनबीएची, म्हणजे तिथल्या बास्केटबॉल लीगची, मॅच सुरू व्हायच्या तोंडावर होती, खेळाडू कोर्टवर आलेले, लोक बसलेले, आणि युटा जॅझ या टीमच्या रुडी गोबेरची टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचं कळलं. मॅच रद्द, आणि त्याच रात्री अख्खी एनबीए बंद. दुसऱ्या दिवशी आइस हॉकी बंद, तेराला इंग्लंडची प्रीमियर लीग बंद. आठवड्याभरात जगातला जवळपास सगळा मोठा खेळ ठप्प झाला. आणि मग पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं की एवढ्या मोठ्या दिसणाऱ्या या धंद्यात महिना दोन महिने तगायची गंगाजळीसुद्धा कितीतरी क्लबांकडे नव्हती.

आता पैसा येतो कुठून हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी गोम तिथेच आहे. साधारण तीन वाटा. एक तिकीट आणि मैदानावरची विक्री, दुसरी टीव्हीचे हक्क, तिसरी स्पॉन्सर आणि जर्सी वगैरे. महामारीने पहिली वाट पूर्ण बंद केली, दुसरी काही महिने अडवली पण मॅच सुरू होताच ती बऱ्यापैकी मोकळी झाली, तिसरी मधल्यामध्ये. म्हणजे ज्याचं पोट टीव्हीवर त्याला खरचटलं आणि ज्याचं पोट तिकिटावर तो मेला, एवढं सरळ आहे हे. आणि टीव्हीचा पैसा कुणाकडे, तर मोठ्यांकडे. तिकिटावर कोण जगतं, तर खालच्या डिव्हिजनचे क्लब, छोट्या लीग, आणि अमेरिकेतली मायनर लीग, म्हणजे बेसबॉलच्या मोठ्या टीमसाठी पोरं तयार करणारे गावोगावचे क्लब. त्यामुळे "खेळांना तोटा झाला" असं एका वाक्यात म्हणणं मला पटतच नाही, ते वाक्य खोटं नाही पण त्याच्याआड फार जण लपलेत.

हे मी हवेत बोलत नाही, दोन-तीन ठिकाणचे हिशेब उघडे आहेत म्हणून बोलतोय. अमेरिकन फुटबॉलमध्ये ग्रीन बे पॅकर्स नावाची टीम आहे. तिला एक मालकच नाही, लाखो सामान्य लोकांकडे तिचे शेअर आहेत, त्यावर डिव्हिडंड मिळत नाही, शेअर नफ्याने विकता येत नाही, नुसती मालकी. आणि त्यामुळेच ती टीम दर वर्षी हिशेब जाहीर करते, त्या लीगमधल्या बाकी सगळ्या टीम खाजगी, त्यांच्या वह्या बंद. तर पॅकर्सच्या २०२०-२१ च्या हिशेबात काय दिसतं बघा. गावातून येणारा पैसा, म्हणजे तिकीट, स्टेडियम, दुकान हे सगळं, २१ कोटी डॉलरवरून ६ कोटी १८ लाखांवर आला. पार झोपलाच तो. पण लीगकडून येणारा वाटा, ज्यात मुख्य टीव्ही, तो २९ कोटी ६० लाखांवरून ३० कोटी ९२ लाख झाला, म्हणजे उलट वाढला! महामारीच्या वर्षात! रोजच्या कामकाजात ३ कोटी ८८ लाखांचा तोटा दाखवला, तो खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच वर्षी शेअर बाजार वर गेला, टीमच्या गुंतवणुकीची किंमत वाढली आणि शेवटच्या ओळीत ६ कोटी ७ लाखांचा निव्वळ नफा आला. एकच टीम, एकच वर्ष, मधली ओळ वाचली तर तोटा आणि शेवटची ओळ वाचली तर नफा. आता ज्यांची वही बंद आहे ते मालक आपल्याला कुठली ओळ वाचून दाखवणार, हे काय वेगळं सांगायला हवं का.

बेसबॉलमध्ये अटलांटा ब्रेव्ह्ज. त्यांची मालक कंपनी तेव्हा शेअर बाजारात लिस्टेड होती म्हणून त्यांचेही आकडे लोकांपुढे आले. २०१९ ची कमाई ४७ कोटी ६० लाख डॉलर, २०२० ची १७ कोटी ८० लाख. जबर फटका आहे हा, मी नाकारत नाही. बेसबॉलच्या एका टीमचे सीझनला १६२ सामने असतात, त्या वर्षी ६० झाले आणि तेही रिकाम्या स्टेडियममध्ये. पण २०२१ ला हीच टीम ५६ कोटी ८० लाखांवर गेली, चॅम्पियनही झाली. म्हणजे खड्डा खोल होता पण एका वर्षाचा होता. ज्याच्या हातात टीम टिकली तो वर आला. ज्याची नोकरी त्या खड्ड्यात गेली तो आला का वर? त्याचा हिशेब कुठल्याच कंपनीच्या रिपोर्टमध्ये नाही.

मँचेस्टर युनायटेडचं तर मला फारच लागलं, कारण लहानपणापासून मी त्यांचा फॅन. २०२०-२१ मध्ये मॅचच्या दिवसाची त्यांची कमाई होती ७१ लाख पौंड, आदल्या वर्षी तीच जवळपास ९ कोटी. वर्षाचा निव्वळ तोटा ९ कोटी २२ लाख पौंड. त्याच्या आधीच, जून २०२० पर्यंत, क्लबवरचं निव्वळ कर्ज दुपटीच्या वर जाऊन ४७ कोटी ४१ लाख पौंडांवर पोचलेलं. आणि या सगळ्या काळात क्लबने डिव्हिडंड वाटणं चालू ठेवलं, त्यातला मोठा हिस्सा अर्थातच मालक ग्लेझर कुटुंबाच्या घरी. कायद्याने चूक नाही, मान्य. पण मैदान रिकामं आहे, क्लबवर कर्ज चढतंय, आणि त्या वर्षी मालकाने पदरचं काही घालायचं सोडून क्लबमधून पैसे बाहेर काढायचे, हे मला आजही गिळता येत नाही. घरात आजारपण आल्यावर कुणी घरातलीच भांडी विकून आपला खिसा भरत नाही.

किंमत कुणी मोजली ते बघा. एप्रिल २०२० मध्ये लिव्हरपूलने आपल्या न खेळणाऱ्या स्टाफला सरकारी फर्लो योजनेत टाकलं, म्हणजे पगाराचा ८० टक्के भाग सरकारच्या तिजोरीतून. जेमतेम महिनाभर आधी त्यांनी ४ कोटी २० लाख पौंड नफा जाहीर केला होता. लोक एवढे भडकले की दोन दिवसांत माफी मागून निर्णय मागे घ्यावा लागला. टॉटनहॅमनेही केलं आणि मागे घेतलं. आर्सेनलच्या खेळाडूंनी आणि कोचने एप्रिलमध्ये साडेबारा टक्के पगारकपात मान्य केली होती, तरी ऑगस्टमध्ये क्लबने ५५ नोकऱ्या जाणार असं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये तर कळलं की क्लबचा मॅस्कॉट, तो हिरवा डायनासोर हो, गनरसॉरस, त्याच्या आत १९९३ पासून असणारा माणूसही काढला जातोय. जवळजवळ सत्तावीस वर्षं तो माणूस तो जड सूट घालून मैदानाच्या कडेने पोरांना हात करत फिरला, कुणी त्याचं तोंडही पाहिलं नसेल. ही बातमी आली त्याच दिवशी क्लबने थॉमस पार्टे या खेळाडूला साडेचार कोटी पौंड मोजून घेतलं. मग मेसुत ओझिलने सांगितलं की मी आर्सेनलमध्ये आहे तोवर त्या माणसाचा पगार मी देतो. एका खेळाडूला जे सुचलं ते एवढ्या मोठ्या मालकाला का नाही सुचलं? मला माहितीय की एका माणसाच्या पगाराने क्लब तरत नाही. पण मग त्याच्या पगाराने क्लब बुडतही नव्हता ना!

अमेरिकेच्या मायनर लीग बेसबॉलची गोष्ट याहून वाईट. तिथल्या पोरांना मुळातच पगार तुटपुंजा, लीग बंद झाल्यावर क्लबांनी आठवड्याला ४०० डॉलर भत्ता द्यायचं कबूल केलं. मे अखेरीस ओकलंड ए'ज क्लबने सांगितलं की आम्ही तोही थांबवतो. मालक अब्जाधीश, आणि वाचवत होते ते आठवड्याचे ४०० डॉलर. मोठी ओरड झाली, निर्णय मागे घेतला. वॉशिंग्टन नॅशनल्सने ४०० चे ३०० करायचं ठरवलं तर त्यांच्याच मोठ्या टीमच्या खेळाडूंनी वरचे १०० आम्ही भरतो म्हणून पुढे येऊन क्लबला लाजवलं. डॉजर्सचा डेव्हिड प्राईस, तो तर त्या टीमसाठी अजून एक मॅचही खेळला नव्हता, त्याने त्यांच्या मायनर लीगमधल्या प्रत्येक पोराला १००० डॉलर देऊ केले. २०२० चा मायनर लीगचा अख्खा सीझन रद्द झाला. आणि २०२१ ला परत सुरू झालं तेव्हा मोठ्या टीमशी जोडलेल्या क्लबांची संख्या १६० वरून १२० वर आणलेली होती. हे कमी करायचं घाटत होतं आधीपासूनच, महामारी नुसती सोयीची पडली. चाळीस गावांचा उन्हाळा गेला. त्या गावांतले तिकीट देणारे, गवत कापणारे, स्कोअरबोर्ड चालवणारे, यांची नावं कुठल्याच खेळपानावर छापून आली नाहीत.

इंग्लंडमध्ये विगन अॅथलेटिक हा फुटबॉल क्लब. १ जुलै २०२० ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, आणि धक्कादायक म्हणजे नवीन मालकाच्या हातात जाऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. ७५ लोकांची नोकरी गेली. नियमाप्रमाणे १२ पॉइंट कापले. पोरांनी त्या धक्क्यानंतर हल सिटीला ८-० ने धुतलं, जीव तोडून खेळले, पॉइंट कापले नसते तर तेरावे आले असते, कापले म्हणून खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. मालकाने हात वर केले आणि शिक्षा झाली खेळाडूंना, स्टाफला आणि गावाला. हा नियम कुठल्या न्यायात बसतो हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. प्रीमियर लीगने खालच्या लीगसाठी २५ कोटी पौंडांची मदत जाहीर केली ती डिसेंबर २०२० मध्ये, नऊ महिन्यांनी, आणि त्यातले २० कोटी कर्ज म्हणून. मदत झाली नाही असं नाही म्हणत, झाली, पण ज्याच्या नाकातोंडात पाणी गेलंय त्याला नऊ महिन्यांनी दोरी टाकून काय उपयोग.

आता मालकांची बाजू. बेसबॉलचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी २०२० च्या शेवटी सांगितलं की क्लबांना मिळून जवळपास ३ अब्ज डॉलरचा तोटा होतोय आणि डोक्यावर ८.३ अब्जांचं कर्ज आहे. खेळाडू संघटना म्हणाली वह्या दाखवा, वह्या काही बाहेर आल्या नाहीत. आणि गंमत नाही हं, दुःख वाटतं, की त्याच आठवड्यांत न्यूयॉर्क मेट्स ही टीम स्टीव्ह कोहेन यांनी सुमारे २.४ अब्ज डॉलरला घेतली, तोवरची बेसबॉलमधली सगळ्यात मोठी किंमत. त्याच ऑक्टोबरमध्ये युटा जॅझ, हो तीच टीम जिच्या खेळाडूपासून सगळं बंद पडलं, ती अरेना वगैरे धरून १.६६ अब्ज डॉलरला विकायचा सौदा झाला. मिलर कुटुंबाने ती १९८५-८६ मध्ये दोन टप्प्यांत घेतली तेव्हा सगळे मिळून २ कोटी २० लाख डॉलर दिले होते. मैदानं रिकामी, लोकांच्या नोकऱ्या जाताहेत, आणि टीमची किंमत विक्रमी. हे कसं शक्य आहे असं मलाही आधी वाटायचं.

पण शक्य आहे, आणि कारण अगदी साधं आहे. टीम म्हणजे दुकान नाही, टीम म्हणजे जमीन. दुकानाचा धंदा एक वर्ष बसला तर दुकानदार रडतो, जमिनीचं पीक एक वर्ष बुडालं म्हणून जमिनीचा भाव पडत नाही, कारण जमीन नवीन बनत नाही. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये टीम तीस-बत्तीसच, नवीन कुणाला सहज मिळत नाही, आणि घेणारे श्रीमंत मात्र वाढतच चाललेत. त्यात २०२० मध्ये व्याजदर शून्याच्या जवळ आले, शेअर बाजार वर गेला, मोठ्या पैसेवाल्यांकडे पैसा कुठे लावू असं झालं होतं. प्रायव्हेट इक्विटी, म्हणजे बड्यांचे पैसे गोळा करून कंपन्यांत हिस्सा घेणारे फंड, त्यांना लीगनी तेव्हाच दार मोठं केलं. म्हणजे मालकाच्या वर्षाच्या हिशेबात तोटा आणि मालमत्तेत वाढ, दोन्ही एकाच वेळी खरं. पण पगार कापताना आणि माणसं काढताना फक्त पहिला आकडा सांगतात, दुसरा आकडा टीम विकायच्या दिवशी सांगतात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे संपादक साहेब.

एनएफएलने, म्हणजे पॅकर्स खेळतात त्या अमेरिकन फुटबॉल लीगने, तर हे आठ दिवसांत करून दाखवलं. मार्च २०२१ च्या १० तारखेला सॅलरी कॅप जाहीर झाली, म्हणजे एका टीमने खेळाडूंवर जास्तीत जास्त किती खर्च करायचा ती मर्यादा. ती १९ कोटी ८२ लाख डॉलरवरून १८ कोटी २५ लाखांवर आणली, कमाई घटली म्हणून. शेकडो खेळाडूंचं ज्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट ठरतं नेमका तोच महिना. आणि १८ तारखेला टीव्हीचे नवे करार जाहीर, अकरा वर्षांचे, शंभर अब्ज डॉलरच्याही वर. वर्षाची कमाई बघून कॅप ठरते हे मला माहितीय, नियम आहे आणि संघटनेने सही केलेला आहे. पण मधल्या फळीतला जो खेळाडू त्या मार्चमध्ये फ्री एजंट होता, म्हणजे जुनं कॉन्ट्रॅक्ट संपून नवं शोधत होता, ज्याचं करिअरच तीन-चार वर्षांचं, त्याला पुढच्या अकरा वर्षांच्या पैशाचं काय करायचंय?

आपल्या आयपीएलचंही तेच. २०२० ची आयपीएल सप्टेंबर ते नोव्हेंबर यूएईत रिकाम्या स्टेडियमवर झाली, टायटल स्पॉन्सरशिप वर्षाला ४४० कोटींची होती ती त्या वर्षी २२२ कोटींवर आली, विजेत्याचं बक्षीस २० कोटींचं निम्मं करून १० कोटी केलं. तरी बोर्डाच्या खजिनदारांनी त्या सीझनमधून ४००० कोटींची कमाई सांगितली. आणि २५ ऑक्टोबर २०२१ ला दोन नव्या टीम विकल्या, लखनौ ७०९० कोटी आणि अहमदाबाद ५६२५ कोटी, यातली अहमदाबाद घेतली सीव्हीसी नावाच्या फंडाने. २०२२ च्या जूनमध्ये पाच वर्षांचे मीडिया हक्क ४८,३९० कोटींना गेले. मधल्या काळात रणजी ट्रॉफी २०२०-२१ ला झालीच नाही, ८७ वर्षांत पहिल्यांदा. जे रणजी खेळतात पण आयपीएलमध्ये नाहीत त्यांचं उत्पन्नच मॅच फीवर, त्यांना नुकसानभरपाई जाहीर झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आदल्या सीझनच्या फीच्या ५० टक्के. दिली हे चांगलंच केलं. पण दीड वर्ष लागलं. आयपीएल यूएईला हलवायला किती महिने लागले होते?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल हा एकाच बाजूने बोलतोय. सगळे मालक तरले नाहीत. ज्यांनी आधीच कर्जावर क्लब चालवला होता ते खरंच बुडाले, आणि त्यांच्याबरोबर क्लबही, सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं. चीनचा सुनिंग ग्रुप घ्या. त्यांच्याकडे दोन क्लब, चीनमधला जिआंग्सू आणि इटलीतला इंटर मिलान. जिआंग्सूने नोव्हेंबर २०२० मध्ये चायनीज सुपर लीग जिंकली आणि २८ फेब्रुवारी २०२१ ला क्लब बंद पडला. चॅम्पियन झाल्यावर साडेतीन महिन्यांत क्लबच नाही! इंटरने मे २०२१ मध्ये अकरा वर्षांनी लीग जिंकली, त्याच महिन्यात मालकाने ओकट्री फंडाकडून २७.५ कोटी युरो कर्ज घेतलं, लुकाकूसारखा मोठा खेळाडू विकला, कोच गेला. तीन वर्षांनी, मे २०२४ मध्ये, व्याजासकट ते कर्ज फिटलं नाही म्हणून अख्खा इंटर मिलान सावकाराच्या ताब्यात गेला. टीम तेव्हाही चॅम्पियनच होती. इंग्लिश रग्बीचं तर फार वाईट झालं, महामारीत तगायला कर्ज घेतली, ती नंतर फेडता येईनात, २०२२ मध्ये वुस्टर आणि वास्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश, एका वर्षाच्या आत टॉप डिव्हिजनचे तीन क्लब गेले. वास्प्स तर दोनदा युरोपचे चॅम्पियन झालेले. म्हणजे महामारी संपली असं आपण म्हणत होतो तेव्हा तिचं बिल येत होतं.

आणि सदस्यांच्या मालकीचा क्लब असला की सगळं ठीक असतं असंही मी म्हणणार नाही. बार्सिलोना सदस्यांचाच क्लब आहे, ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी १.३५ अब्ज युरो देणं सांगितलं, पगाराचा खर्च कमाईच्या १०३ टक्के. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मेस्सी रडत गेला. पण तिथली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, मार्च २०२० मध्ये त्या खेळाडूंनी आणीबाणीच्या काळापुरती ७० टक्के पगारकपात घेतली आणि वर आणखी वाटा दिला की क्लबच्या बाकी स्टाफला पूर्ण पगार मिळावा. आणि एवढी वाईट परिस्थिती असूनही आकडा लोकांसमोर आला, कारण सदस्यांना उत्तर द्यावं लागतं. लपवता येत नाही हाच फरक.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या फुटबॉल क्लबांनी सुपर लीग काढली तीही तोट्याच्याच नावाने. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या अंदाजाने तिथल्या क्लबांची दोन सीझनमध्ये ७ अब्ज युरो कमाई बुडाली होती, म्हणून आम्हाला वेगळी लीग हवी, जिच्यातून आम्ही कधी बाहेरच पडणार नाही. म्हणजे नुकसान सगळ्यांचं आणि भरपाई बाराच जणांना. फॅन रस्त्यावर उतरले, ४८ तासांत गुंडाळावं लागलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. जर्मनीत ग्लाडबाखच्या फॅननी रिकाम्या स्टँडमध्ये आपला पुठ्ठ्याचा फोटो लावायला १९ युरो भरले होते, स्वतः जाता येत नाही तर निदान आपला चेहरा तरी टीमला दिसू दे म्हणून. हजारो चेहरे, कुणाचे आजोबा, कुणाची शाळेतली पोरगी, गळ्यात मफलर घालून पावसात उभे. ज्यांनी अशा वेळी खिशातले १९ युरो काढले त्यांना विचारल्याशिवाय क्लबचं भविष्य ठरवायला निघाले होते हे लोक.

तर माझी मागणी. जी लीग तोटा झाला म्हणून पगार कापते, माणसं काढते किंवा सरकारकडून पैसे, स्वस्त कर्ज, करात सूट घेते, तिच्या प्रत्येक टीमचा हिशेब जाहीर झालाच पाहिजे, पॅकर्ससारखा, ओळीवार. आणि टीम पुढे विकली गेली तर त्या नफ्यातून आधी त्यांची भरपाई व्हावी ज्यांचे पैसे त्या वर्षी कापले. हे अवघड आहे हे मला कळतं, पण खेळाडूंच्या पगारातून नंतर वळते करायला काही टक्के बाजूला ठेवायची सोय एनबीएने करून ठेवलेली आहेच, मग मालकाच्या विक्रीतून बाजूला ठेवायची का नाही होणार. शिवाय जो रोजंदारीवर आहे, केबलवाला, स्टँडमध्ये खुर्च्या पुसणारा, गेटवरचा, त्याच्यासाठी प्रत्येक लीगने टीव्ही कराराच्या पैशातून वेगळा फंड काढावा, पुढच्या वेळी "पुढचं कळवतो" असा मेसेज जाऊ नये.

आणि एक विनंती तुम्हाला. पुढच्या वेळी एखाद्या टीमची विक्रमी किंमत छापाल तेव्हा त्याच बातमीत आणखी एक ओळ टाका, २०२० मध्ये त्या टीमने किती लोक काढले होते आणि त्यातले किती परत घेतले. मालकाला फोन करून विचारा. आकडा दिला नाही तर "दिला नाही" असं छापा.

आपला,
एक नियमित वाचक